भिंतीवरची ग्राफिटी: कला की विद्रूपीकरण? आणि स्प्रे नीट मारायचा कसा?

पिंपळपान
मंडळी, नाशिकला आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, गेल्या आठवड्यात रात्रीतून कोणीतरी पंधरा-सोळा फूट लांब अक्षरं काढून गेलं. हिरवा-जांभळा रंग, काळी किनार, अक्षरं एकमेकांत इतकी गुंतलेली की काय लिहिलंय ते पटकन कळत नाही. सकाळी व्हॉट्सॅप ग्रुपवर गदारोळ. सेक्रेटरी म्हणतात पोलिसात तक्रार द्या, काही म्हणतात लगेच चुना मारा.

त्याच भिंतीवर तीन वर्षांपासून एका क्लासची जाहिरात आहे, मूळव्याधीच्या डॉक्टरांचा फोन नंबर आहे, मागच्या निवडणुकीतलं अर्धवट पुसलेलं चिन्हही आहे. त्यांच्याबद्दल आजवर एकाही मीटिंगमध्ये कोणी शब्द काढला नव्हता. पैशासाठी किंवा मतासाठी केलेलं विद्रूपीकरण आपल्याला दिसतसुद्धा नाही, आणि एखाद्याने नुसत्या हौसेने रंग लावला की तो गुन्हेगार ठरतो, हे मला खटकतं. विचारलं नाही हे चुकलंच, पण काढलेलं चांगलं आहे.

आता कळलंय की काढणारा आमच्याच बी विंगमधला अकरावीतला मुलगा आणि त्याचे दोन मित्र. रविवारच्या सभेत मी असं सुचवणार आहे की आतली पार्किंगची भिंत त्यांना रीतसर द्यावी. इथल्या जाणकारांकडून दोन गोष्टी हव्यात. रेषा कुठे ओढायची याबद्दल तुमचं मत, आणि ज्यांनी प्रत्यक्ष स्प्रे मारलाय त्यांच्याकडून तंत्र. पोरांच्या कामात ओघळ फार आलेत.

सह्यभ्रमर
माझं मत कडक आहे आणि कडकच राहणार. दर पावसाळ्यानंतर आम्ही गडावर जातो आणि बुरुजांवर, टाक्यांच्या कातळावर, अगदी देवळाच्या खांबांवर ऑइलपेंटने नावं, बदाम, बाण, तारखा. हल्ली स्प्रेचे डबे आल्यामुळे हे काम अर्ध्या मिनिटात होतं. आपल्या काळ्या पाषाणात बारीक भोकं असतात, रंग त्यात उतरतो. तारेच्या ब्रशने घासलं तर रंगाबरोबर दगडाचा जुना पापुद्राही निघतो आणि तिथे पांढुरका डाग कायमचा राहतो. रंग एका मिनिटाचा, जखम कायमची.

राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांना 1958 चा कायदा लागू आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अनेक किल्ले कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत, त्यांना वाली कोण?

तुमच्या भिंतीला चुना मारता येतो. गडाला मारता येत नाही. त्यामुळे ‘हौसेने केलं’ हे कारण मला पुरत नाही.

कावेरी_प
सह्यभ्रमर, +१००

जुनी_पाटी
सह्यभ्रमर यांच्या तळमळीबद्दल आदरच आहे. फक्त एक उदाहरण देते. अजिंठ्याच्या 10 नंबरच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज घोडदळाच्या अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव कोरलं. लेण्यात तेव्हा इतका राडारोडा साचलेला होता की तो त्यावर उभा राहिला, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्यापेक्षा उंचावर आहे. आता तोच ओरखडा गाइड आवर्जून दाखवतात आणि लोक मान वर करून बघतात. म्हणजे दोनशे वर्षं गेली की विध्वंस इतिहास होतो का, हा प्रश्न मला खरंच पडतो.

सह्यभ्रमर
@जुनी_पाटी, ताई, तो ओरखडा दाखवला जातो कारण त्या स्मिथमुळे लेणी पुन्हा जगासमोर आली. चित्राचं नुकसान त्यामुळे भरून निघालं का? चित्र त्या जागी गेलं ते गेलंच. आणि त्याच लेण्यात त्याच्यानंतर आलेल्या कित्येकांनी नावं कोरली आहेत, ती कोणी दाखवत नाही.

हडसनतीर
मी वीस-बावीस वर्षं न्यूजर्सीत आहे, रोज न्यूयॉर्कला जातो. या प्रकाराचं माहेरघर इथलंच, म्हणून थोडं लिहितो.

सुरुवात साठच्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फियात आणि लगेच न्यूयॉर्कमध्ये झाली. ‘टाकी 183’ हे नाव त्यात गाजलं. ग्रीक कुटुंबातला मुलगा, 183 व्या रस्त्यावर राहणारा, निरोप्याचं काम करत शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे मार्करने नाव लिहायचा. 1971 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याच्यावर बातमी आली आणि शेकडो पोरं कामाला लागली. पुढे सगळी भुयारी रेल्वे आतून-बाहेरून भरली.

यात तीन पायऱ्या असतात. नुसती सही म्हणजे टॅग. दोन रंगांत झटपट फुगीर अक्षरं काढली तर थ्रो-अप. तासन् तास खपून, आधी वहीत आराखडा करून, सावली आणि पार्श्वभूमीसकट काढलं तर पीस. पिंपळपान, तुमच्या भिंतीवर वर्णनावरून पीसच्या वाटेवरचं काहीतरी आहे. त्या मुलाच्या वह्या बघा, पानंच्या पानं अक्षरं सापडतील.

रेल्वेने हे कसं थांबवलं तेही बघण्यासारखं आहे. 1984 पासून त्यांनी नियमच केला की एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला तर धुतल्याशिवाय रुळावर आणायचा नाही. आपलं काम शहरभर फिरताना दिसणार नसेल तर काढायचं कशाला? 12 मे 1989 ला शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून निघाला. त्याच सुमारास, 1984 मध्येच, फिलाडेल्फियाने उलटा मार्ग धरला. ग्राफिटीविरोधी मोहिमेत पकडलेल्या पोरांनाच जेन गोल्डन या चित्रकर्तीच्या हाताखाली भित्तिचित्रं काढायला बसवलं. तो उपक्रम आजही चालू आहे आणि शहरात हजारो भित्तिचित्रं झालीत. मी दोन्ही शहरं पाहिली. मला फिलाडेल्फियाचा रस्ता पटतो.

कायद्याचं_बोला
वकील म्हणून मुद्द्याचं. महाराष्ट्रात 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा जाहिरातवाल्यालाही तितकाच लागू होतो. त्यामुळे पिंपळपान, सभेत कोणी पोलिसांचं नाव काढलं तर शांतपणे विचारा, की मग क्लासवाले आणि डॉक्टर यांचीही नावं त्याच अर्जात घालायची ना?

मुलगा अल्पवयीन आहे. त्याच्या नावाने ठाण्यात काही जाण्याआधी पालकांशी बोला. आतली भिंत देणार असाल तर सभेचा ठराव करून लेखी परवानगी द्या. रस्त्याकडून दिसणाऱ्या भिंतीसाठी महापालिकेतही विचारून घ्या.

पिंपळपान
@कायद्याचं_बोला, मनापासून आभार. हा अर्जाचा मुद्दा सभेत नक्की मांडते.

डबा_हलवा
चला, कोणीतरी तंत्राचंही लिहायला हवं. पुण्यात आणि मुंबईत परवानगीच्या भिंतींवर बरीच वर्षं काम केलंय, त्यातून आलेलं सांगतो.

ओघळ येतात ते घाईने नाही, हात थांबल्यामुळे. नवशिका आधी बटण दाबतो आणि मग हात हलवतो, आणि रेषेच्या शेवटी हात थांबवून मग बोट उचलतो. दोन्ही टोकांना रंग साचतो. उलटं करायचं: हात आधी चालू करायचा, मग दाबायचं, आणि हात चालू असतानाच बोट सोडायचं. हालचाल खांद्यापासून. मनगटाने मारलं की रेषेचा मधला भाग भिंतीजवळ येतो, टोकं लांब जातात आणि जाडी बदलते.

अंतर: भरायला वीतभर, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटर. बारीक रेष हवी तर दोन-तीन सेंटिमीटरवर या, पण मग वेग दुप्पट हवा. लांब गेलात की रेष धुरकट होते, आणि हेच सावलीसाठी मुद्दाम वापरतात. डबा भिंतीला तिरपा धरला तर रेषेची एक कड धारदार आणि दुसरी विरत गेलेली मिळते. गोल फुगीर अक्षरांवरची चकाकी अशीच येते.

डबा हलवणे हा सोपस्कार नाही. आत गोळी असते, ती खुळखुळायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवा, नाहीतर आधी नुसतं पातळ द्रावण येतं आणि रंग तळाशी राहतो. काम झाल्यावर डबा उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दाबा, म्हणजे तोटी तुंबत नाही. सतत मारत राहिलं की डबा हाताला गार लागतो आणि जोर कमी होतो, कारण आतला द्रवरूप वायू उडताना उष्णता ओढून घेतो. दोन डबे आलटून पालटून वापरायचे. डबा तापवायला जाऊ नका आणि उन्हात गाडीत ठेवू नका, आतला वायू ज्वालाग्राही असतो.

कामाचा क्रम: फिक्या रंगाने आराखडा, मग भरणं, मग पार्श्वभूमी, मग सावली, किनार सर्वांत शेवटी. किनार चुकली तर पुसायची नाही, ओला रंग पसरतो. वाळू द्या आणि भरलेल्या रंगाने ती रेष पुन्हा कापून काढा. आम्ही याला कटबॅक म्हणतो. चांगल्या कामात बारीक दिसणाऱ्या निम्म्या रेषा बारीक मारलेल्या नसतात, दोन्ही बाजूंनी कापून बारीक केलेल्या असतात. ओघळालाही हाच उपाय.

अंजू_खारघर
किती सविस्तर! मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी हार्डवेअरच्या दुकानातला डबा चालेल का? खर्च किती येतो?

डबा_हलवा
@अंजू_खारघर, चालतो. तो गाड्या-फर्निचरसाठी असतो, जोर जास्त आणि तोटी एकाच प्रकारची. ग्राफिटीसाठी बनवलेले डबे वेगळे. बार्सिलोनाची मोंटाना कलर्स 1994 पासून खास तेच बनवते. त्यांत कमी दाबाचे डबे मिळतात, जाड-बारीक तोट्या बदलता येतात. इथे ते महाग पडतात. 400 मिलीच्या डब्यात एका थराला दीड-दोन चौरस मीटर होतं, म्हणून सगळी भिंत स्प्रेने भरायला जाऊ नका. मोठे भाग साध्या बाहेरच्या इमल्शनने रोलरने भरा आणि स्प्रे फक्त सावली, किनार आणि चकाकीसाठी ठेवा. आम्ही सगळे असंच करतो.

रंगकाम_वाले_दादा
वडिलांपासून आमचा रंगकामाचाच धंदा. वरचं सगळं बरोबर आहे, पण भिंतीबद्दल कोणीच बोललं नाही. चुन्याच्या भिंतीवर थेट स्प्रे मारला तर दोन महिन्यांत पापड सुटल्यासारखा निघतो. आधी पत्र्याने खरवडून घ्या, धुवा, सुकवा, मग बाहेरचा प्रायमर. आणि पार्किंगची भिंत म्हणताय, तिला खालून लोणा लागलाय का बघा. हात फिरवला की पांढरी पूड येते तो लोणा. ओल बंद केल्याशिवाय त्यावर कितीही महाग रंग लावा, फुगणारच. लोणा कमरेपर्यंत असेल तर चित्र त्याच्या वरच काढा, खाली गडद पट्टा द्या.

पावसाळ्यात मारू नका. हवेत दमटपणा असला की स्प्रेवर पांढुरका थर येतो. दसऱ्यानंतर सुरू करा.

तुळशीपाइप
मूळ विषयाकडे. मुंबईत महापालिकेच्या परवानगीने 2009 च्या ऑगस्टमध्ये सेनापती बापट मार्गाच्या, म्हणजे आपल्या तुळशी पाइप रोडच्या रेल्वेलगतच्या भिंतीवर शेकडो लोकांनी चित्रं काढली. व्यावसायिक चित्रकार होते तसे घरचे कोणीही होते. काही चित्रं बाळबोध होती, पण त्या आधी तिथून नाक धरून जावं लागायचं. वांद्र्याला चॅपेल रोडवर रणजित दहिया यांची अनारकली आहे, रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर त्यांनीच 2014 मध्ये काढलेले दादासाहेब फाळके. त्या पुलावरून जाताना फाळके दिसले की मला आजही बरं वाटतं. फाळके तुमच्या नाशिकचेच, पिंपळपान!

स्वच्छ_कोपरा
परवानगीची चित्रं म्हणजे कला हे मला पटत नाही. स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी आमच्या शहरातल्या प्रत्येक पुलाखाली तीच फुलपाखरं, तेच झाड, तीच हात जोडलेली मुलगी. परवानगी आहे, ठेकेदार आहे, बिल आहे. एकही चित्र मी थांबून पाहिलेलं नाही. उलट त्या सोळा फूट अक्षरांसमोर तुमची अख्खी सोसायटी थांबली. परवानगीने कायद्याचा प्रश्न सुटतो, चित्राचा नाही.

सह्यभ्रमर
@स्वच्छ_कोपरा, मान्य. पण आधी कायद्याचा प्रश्न सुटू दे.

मोरपंखी
मला आणखी एका ‘परवानगी’बद्दल बोलायचंय. घाटकोपरच्या असल्फाची टेकडी 2017-18 मध्ये स्वयंसेवकांनी रंगवली, मेट्रोतून अतिशय सुंदर दिसते. माझी मावशी अशाच एका वस्तीत तीस वर्षं राहिली आहे, त्यामुळे मी ते चित्र घराच्या आतून बघते. बाहेरची भिंत गुलाबी झाली म्हणून पत्रा गळायचा थांबत नाही. मी त्या उपक्रमाच्या विरोधात नाही, तिथल्या लोकांनीही उत्साहाने रंग लावले. पण रंग कोणासाठी लावतोय, जाणाऱ्यासाठी की राहणाऱ्यासाठी, हे प्रत्येक भिंतीबद्दल विचारायला हवं. पिंपळपान, तुमच्या पार्किंगच्या भिंतीसमोर कोणाची खिडकी आहे? त्या घरातल्यांना रोज ते बघायचंय. त्यांना विचारलंत का?

पिंपळपान
@मोरपंखी, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. समोर तळमजल्यावर जोशीकाकू राहतात. आज संध्याकाळी जाते.

कायद्याचं_बोला
एक महत्त्वाचं राहिलं. परवानगी दिल्यावर पुढे ते पुसायचा अधिकार कोणाचा? न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाचा कारखाना होता, मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं रंगवलेला. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने एका रात्रीत पांढरा रंग फासला. कलाकार कोर्टात गेले. 2018 मध्ये 45 चित्रांसाठी 67 लाख डॉलरच्या वर भरपाई मंजूर झाली आणि 2020 मध्ये अपिलातही ती टिकली.

आपल्याकडेही आधार आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये सरकारला उरलेले अवशेष परत करायला आणि पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं, कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली, म्हणजे कलाकृती दुसऱ्याच्या मालकीची झाली तरी कलाकाराचा तिच्यावर राहणारा हक्क. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा: चित्र किमान किती काळ राहील, आणि पुसायच्या आधी मुलांना किती दिवस कळवायचं.

हडसनतीर
फाइव्ह पॉइंट्झ मी सात नंबरच्या गाडीतून रोज बघायचो. त्या सकाळी पांढऱ्या रंगाखालून अक्षरं पुसट दिसत होती आणि डब्यातलं कोणी बोलत नव्हतं. आता तिथे टॉवर आहेत.

सुवासिनी
पालघरची आहे. आमच्या वारली घरात लग्नाआधी सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. शेण-मातीने सारवलेली, गेरूची भिंत, तांदळाचं पीठ, बांबूच्या काडीचं चेचलेलं टोक. ‘काढतात’ नाही, ‘लिहितात’ म्हणतो आम्ही. पुढच्या सारवणात ते जातं आणि कोणाला दुःख होत नाही, कारण पुढच्या लग्नाला पुन्हा लिहायचं असतं. जिव्या सोमा म्हशेंनी ते कागदावर आणलं तेव्हा ते जगभर गेलं आणि टिकायला लागलं. दोन्ही चांगलं झालं. पण भिंतीवरचं सगळं टिकलंच पाहिजे असं मात्र मला वाटत नाही.

बोरू
सुवासिनीताई, फार सुंदर लिहिलंत.

माझा विषय अक्षरांचा. ती पोरं कुठल्या लिपीत लिहितात? बहुतेक इंग्रजीतच. रोमन अक्षरं सुटी असतात, म्हणून ती एकमेकांत गुंतवणं हा तिकडचा खेळ. देवनागरीत शिरोरेषा मुळातच सगळ्यांना बांधून ठेवते. ती तोडायची, वाकवायची, की तिचाच बाण करून पुढे न्यायचा, इथे करण्यासारखं प्रचंड आहे. दिल्लीचा ‘डाकू’ हा अनामिक कलाकार आपलं नाव देवनागरीत लिहूनच ओळखीचा झाला. उकार, वेलांट्या, रफार यांना हवेत जायला जागा असते, तशी रोमनला नसते. आपले जुने पाटी रंगवणारे पेंटर हे सहज करायचे. दोऱ्याला खडू लावून भिंतीवर फटका मारून सरळ रेष, चौकटी आखून मोठं करणं, सगळं त्यांच्याकडे होतं. एखादे निवृत्त पेंटर नाशकात अजून असतील, त्यांना या पोरांसमोर एक दिवस बसवा.

स्टेन्सिल करायचं असेल तर जुन्या एक्स-रे फिल्म उत्तम. फक्त व, ब, क यांच्या पोटातला भाग गळून पडतो, त्याला पूल ठेवावा लागतो. आणि स्प्रे सरळ समोरून, हलका, दोन-तीन थरांत. तिरपा मारला की कडेखाली शिरतो.

डबा_हलवा
बोरू यांना अनुमोदन! देवनागरीत चांगलं काम फार कमी दिसतं, आणि ते आपणच करणार.

पिंपळपान
सभा झाली. पोलिसांचा विषय कायद्याचं_बोला यांच्या मुद्द्यावर तिथेच थांबला. रस्त्याकडची अक्षरं मुलांनीच पुसायची, सोबत क्लासची जाहिरात आणि डॉक्टरांचा नंबरही जाणार, रंग सोसायटीचा. आतली भिंत एका वर्षासाठी दिली, पुसण्याआधी पंधरा दिवस सूचना. जोशीकाकूंनी एकच अट घातली: रात्री डोळ्यावर येतील असे भडक रंग नकोत, आणि त्यांच्या खिडकीसमोरच्या भागात मराठी काहीतरी असावं. मुलगा हे ऐकून लगेच म्हणाला, ‘शिरोरेषा वाकवली तर चालेल ना?’ बोरू, तो हा धागा वाचतोय.

मला रेषेबद्दल आता असं वाटतं. गडावरची रेष पक्की आहे, तिथे चर्चा नाही. जे परत येणार नाही त्याला हात लावायचा नाही. बाकी भिंतींच्या बाबतीत मालकाला आणि समोर राहणाऱ्याला विचारायचं, आणि मग चित्र चांगलं काढायचं. लोणा गुडघ्यापर्यंत आहे, दादा. गडद पट्टा देतोय.

सह्यभ्रमर
हे मला शंभर टक्के मान्य. त्या तिघांना दसऱ्यानंतर आमच्यासोबत एका गडावर पाठवा, दगडावरून रंग काढायला काय लागतं ते स्वतः करून बघू दे. येण्याजाण्याची सोय आम्ही करू.

अंजू_खारघर
एक शेवटचं विचारते. पार्किंग म्हणजे बंद जागा ना? वासाचं काय? साधा मास्क पुरतो का?

डबा_हलवा
बरं झालं विचारलंत. कापडी मास्क किंवा एन-95 पुरत नाही, तो धुळीपुरता. द्रावकाची वाफ अडवायला कोळशाचं कार्ट्रिज असलेला अर्धा चेहरा झाकणारा मास्क लागतो, वास यायला लागला की कार्ट्रिज बदलायचं. दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवा, गाड्या बाहेर काढा किंवा झाका, कारण रंगाचे कण हवेतून दूरवर जाऊन बसतात. त्या वेळी कोणीही बिडी-सिगारेट पेटवायची नाही. रिकामे डबे भोक पाडून किंवा जाळून टाकू नका. पूर्ण रिकामे करून कचऱ्यात वेगळे द्या.

पिंपळपान
तिघांसाठी तीन मास्क सोसायटीच्या खर्चात धरते. पिंपळपानकडून सगळ्यांना पुन्हा आभार. चित्र झालं की फोटो टाकेन.